शिक्क्यांची जलरंगी कार्डं आणि घरच्या पास्त्याचं जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार-पाच जणांनी एकत्र बसून शिक्क्यांची कार्डं जलरंगांनी रंगवायची आणि मग हाताने केलेला पास्ता जेवायचा, असा बेत आखला की जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केले आहेत. कागद, शाई आणि पीठ यांची उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत. बहुतेक अडचणी तिथेच येतात.

या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी कशाला?

कारण दोन्हींत मधूनमधून थांबावं लागतं आणि नेमकं तेच बहुतेकांना जमत नाही. मळलेलं पीठ किमान अर्धा तास मुरलं नाही तर लाटताना आखडतं. रंगाचा पहिला हात पुरता वाळण्याआधी दुसरा चढवला तर दोन्ही रंग गढूळ होतात. कार्डं बिघडतात ती चित्रकला येत नाही म्हणून नव्हे, दम धरला जात नाही म्हणून. पास्त्याचंही तसंच. एक काम मुरत किंवा वाळत असताना दुसरं हातात असलं की दोन्हींना हवा तेवढा वेळ आपसूक मिळतो. मी या जोडीचा इतका आग्रह धरते तो याच कारणाने.

मग कामांचा क्रम कसा लावायचा?

पीठ आधी. ते मळून, झाकून बाजूला ठेवलं की ओटा पुसा, हात साबणाने धुवा आणि मगच कागद बाहेर काढा. कागदाला तेलकट बोट लागलं तर त्या जागी रंग धरत नाही. पहिल्या टप्प्यात सगळ्यांनी शिक्के मारून घ्यायचे. शाई वाळेपर्यंत सॉससाठी टोमॅटो चढवता येतो. सॉस मंद आचेवर रटरटत असताना रंगाचा पहिला हात, तो वाळेपर्यंत चीज किसणं, मग पुन्हा हात धुऊन रंगाचा दुसरा हात. कार्डं एका बाजूला आडवी वाळत ठेवली की टेबल पूर्ण आवरायचं आणि पारी लाटायला घ्यायची. लाटायला, कापायला आणि शिजवायला मिळून चार माणसांसाठी तासभर धरून चाला.

अंडं घातलेलं पीठ मात्र दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. रंगवण्यात वेळ जाणार असं दिसलं तर गोळा घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि लाटायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. थंडगार पीठ लाटताना दंड भरून येतात.

सुरुवातीला पैसे कशावर खर्च करावेत?

कागदावर. रंग साधे चालतील, ब्रश एकच पुरेल, शिक्के दोन-तीन असले तरी भागतं. हलक्या कागदावर मात्र महागातला महाग रंगही फिका आणि डागाळलेला दिसतो. स्वयंपाकाच्या बाजूला एक चांगला वजनकाटा घ्या. पास्ता लाटायचं मशीन नंतर घेतलं तरी चालेल.

जलरंगासाठी नेमका कोणता कागद घ्यायचा?

३०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम भरेल इतका जाड. त्याहून पातळ कागद पाणी लागताच लहरतो.

पोताचे मुख्य प्रकार तीन. हॉट प्रेस गुळगुळीत असतो, कोल्ड प्रेसला बारीक खडबड असते आणि रफ नावाप्रमाणेच चांगला खरखरीत. शिक्क्यांच्या कामात हा फरक फार जाणवतो. शिक्का फक्त उंचवट्यांना टेकतो, त्यामुळे कोल्ड प्रेसवर बारीक रेघा तुटक उमटतात. हॉट प्रेसवर पानाची शीर न् शीर उमटते, पण त्यावर रंग लवकर सरकतो आणि कडा पटकन वाळतात. नवशिक्यांनी बारीक खडबडीचा कोल्ड प्रेस घ्यावा, असं मी सांगेन. तो पाणी थोडा वेळ धरून ठेवतो, चूक दुरुस्त करायला सवड देतो. बऱ्याच कोल्ड प्रेस कागदांची मागची बाजू जरा कमी खडबडीत असते. बोट फिरवून बघा आणि शिक्का त्या बाजूला मारा.

निव्वळ कापसाच्या धाग्यांचा कागद महाग पडतो, पण रंग त्यावर सलग पसरतो आणि दोन-तीन हात सहज सोसतो. लाकडाच्या लगद्याचा कागद सरावाला ठीक. तोच भाग पुन्हा पुन्हा घासला की मात्र त्याचे बारीक गोळे सुटायला लागतात.

कार्डाचं माप काय ठेवू?

ए५ कागद मधोमध दुमडला की ए६ कार्ड होतं, १०५ बाय १४८ मिमी. ते सी६ पाकिटात, म्हणजे ११४ बाय १६२ मिमीच्या पाकिटात, छान बसतं. जलरंगाचा कागद दुमडू नका, घडीवर तो फुटतो. ९५ बाय १३८ मिमीचा तुकडा कापून रंगवा आणि साध्या जाड कार्डशीटच्या घडीवर चिकटवा. चारही बाजूंनी ५ मिमीची चौकट राहते आणि एखादं चित्र बिघडलंच तर फक्त तुकडा वाया जातो, अख्खं कार्ड नाही.

शिक्का मारून रंग लावला की काळी शाई पसरते. काय चुकतं?

शाईचा प्रकार. इंक पॅडवर नुसतं 'काळा' लिहिलेलं असून भागत नाही. आतली शाई कशी बनली आहे ते महत्त्वाचं.

डाय इंक म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग. कागदावर ती लगेच वाळते, म्हणून अनेकांना ती पक्की वाटते, पण यातल्या बहुतेक शाया ओला ब्रश लागताच सुटतात. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे अगदी बारीक कण असतात. ती सावकाश वाळते, पण वाळल्यावर तिच्यातल्या बऱ्याच शाया पाण्याला दाद देत नाहीत. सॉल्व्हंट इंक काचेवर आणि धातूवरही बसते आणि जलरंगाखाली बहुधा अजिबात हलत नाही. तिचा वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवा. काही पारदर्शक शिक्के या शाईने खराब होतात, त्यामुळे ती रबराच्या शिक्क्यांसाठी राखून ठेवलेली बरी.

पॅडवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी स्वतः तपासून बघा. त्याच कागदाच्या कपट्यावर शिक्का मारा, पाच मिनिटं थांबा, मग ओला ब्रश रेघेवरून दोनदा फिरवा. ब्रश स्वच्छ राहिला तर शाई पास. राखाडी ओघळ आला तर दुसऱ्या कपट्यावर शिक्का मारून पंधरा मिनिटं वाळू द्या, किंवा हीट गनने (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या हातातल्या यंत्राने) थोडी ऊब द्या आणि पुन्हा तपासा. पिगमेंट शाया बऱ्याचदा या दुसऱ्या परीक्षेत पास होतात.

आणि पसरणारी शाई फेकून देऊ नका. फिक्या रंगाच्या डाय इंकने फूल छापायचं, ओल्या ब्रशने ती रेघ आतल्या बाजूला ओढायची. रेघच रंग होते आणि पाकळीला आपोआप कडेला गडद, आत फिकी अशी छटा मिळते. काळ्या बाह्यरेषेपेक्षा मला हे काम जास्त आवडतं.

एम्बॉसिंग पावडर वापरणं अवघड आहे का?

ही शिक्क्याच्या ओल्या शाईवर भुरभुरून उष्णतेने वितळवायची पावडर. अवघड नाही आणि नवशिक्यांना तिचा मोठा आधार होतो. वितळलेल्या पावडरची रेघ कागदावर उंच उभी राहते आणि रंगाला अडवते. पाकळीत सोडलेला रंग पाकळीतच राहतो.

आधी कागदावरून अँटिस्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरवा, नाहीतर एम्बॉसिंगचे कण भलतीकडेही चिकटतात. शिक्का पारदर्शक एम्बॉसिंग शाईने किंवा पिगमेंट इंकने मारा, कारण पावडर धरायला शाई ओली राहायला हवी. पावडर भुरभुरा, जास्तीची दुसऱ्या कोऱ्या कागदावर झटकून परत डबीत भरा. चुकार कण कोरड्या बारीक ब्रशने उडवा. हीट गन आधी काही सेकंद बाजूला धरून तापवा, मग कागदापासून थोड्या अंतरावर ठेवून सावकाश फिरवा. सुरुवातीला काहीच होत नाही. मग एका टोकाला खडबडीत भुकटी एकदम चकाकते आणि ती चकाकी रेघेवरून पुढे सरकत जाते. चकाकी जिथवर पोहोचली तिथून गन हलवायची. त्याच जागी धरून ठेवली तर पावडर जळून सपाट होते आणि कागद तपकिरी पडतो.

केस वाळवायचा ड्रायर इथे चालत नाही. त्याची हवा जोरात येते पण उष्णता पुरत नाही, त्यामुळे पावडर वितळण्याऐवजी उडून जाते.

पांढऱ्या कागदावर पांढरी पावडर वितळवून त्यावर निळ्या-जांभळ्या रंगाचा सैल हात मारून बघा. रंग फक्त कागदावर टिकतो, उठावाच्या रेघा पांढऱ्या राहतात. रेघांवर थेंब उरलेच तर रुमालाने टिपून घ्या. हे कार्ड सहसा कोणाचंच फसत नाही.

शिक्का अर्धवट उमटतो.

नवा पारदर्शक शिक्का असेल तर त्यावर कारखान्यातला तुळतुळीत थर असतो आणि शाई त्यावर थेंब धरून बसते. खोडरबर हलकेच फिरवा. शिक्का पॅडवर दाबण्यापेक्षा पॅड उलटं धरून शिक्क्यावर टिपा, म्हणजे शाई कुठे लागली ते दिसतं. कागदाखाली फोमची पातळ चटई ठेवा. सरळ खाली दाबा, डोलवू नका, आणि सरळच वर उचला. कोल्ड प्रेस कागदावर एका दाबात भागत नाही. तिथे बिजागरीचा स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म कामाला येतो, कारण शिक्का जागचा न हलता त्याच रेघांवर दोन-तीनदा छापता येतं.

रबराचे शिक्के चांगले की पारदर्शक?

रबरावर शाई समान बसते आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. पारदर्शक शिक्का कुठे पडणार हे आरपार दिसतं, त्यामुळे शुभेच्छेची ओळ सरळ छापायला तोच सोयीचा. तो उन्हाने पिवळा पडला तरी घाबरू नका, छापायला चालतो.

थेट शिक्क्यावरच रंग लावता येतो का?

हो, आणि परिणाम फार सुंदर येतो. पाण्यात विरघळणाऱ्या मार्करने रबराच्या शिक्क्यावर रंग भरा : पाकळ्यांना गुलाबी, देठाला हिरवा. स्प्रे बाटलीने हातभर अंतरावरून एकच फवारा द्या आणि लगेच छापा. रंग एकमेकांत थोडे मिसळलेले उमटतात. पाणी जास्त झालं तर नुसता डाग पडतो. अशा वेळी शिक्का पुन्हा न रंगवता तसाच दुसऱ्या कागदावर छापा. हा दुसरा ठसा पुष्कळदा पहिल्यापेक्षा देखणा निघतो.

किती रंग लागतील?

तीन पारदर्शक रंगांत सुरुवात होते : हान्सा यलो, क्विनॅक्रिडोन रोज आणि थॅलो ब्लू. यांतून केशरी, हिरवा, जांभळा आणि तिन्ही मिळून मऊसर राखाडी तयार होतो. थॅलो ब्लू कागदात मुरतो, एकदा वाळला की टिपून निघत नाही, म्हणून ब्रशच्या टोकाला तीळभरच घ्या.

चौथा रंग घ्यायचा तर अल्ट्रामरीन हा निळा घ्या. त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि आभाळाला दाणेदार पोत येतो. एके काळी हा रंग लाजवर्द दगड कुटून, धुऊन काढावा लागे आणि त्यामुळे फार महाग असे. १८२८ साली फ्रान्समध्ये झाँ-बाप्तिस्त गिमे यांना कृत्रिम अल्ट्रामरीन बनवण्याच्या पद्धतीबद्दल बक्षीस मिळालं, आणि पुढे तो सर्वांच्या डबीत येऊन बसला.

जलरंग वाळल्यावर फिका होतो. ओला असताना थोडा जास्तच गडद वाटेल इतका लावा.

वाळल्यावर रंगात वेड्यावाकड्या कडांचे डाग का दिसतात?

रंग अर्धवट वाळलेला असताना त्यात जास्त ओला ब्रश टेकला म्हणून. नवं पाणी आधीच्या रंगाचे कण बाहेर ढकलतं आणि ते कण कडेला जाऊन साचतात. उपाय एवढाच की कागदाकडे तिरप्या उजेडात बघायचं. पृष्ठभाग पाण्याने चमकत असेल तर खुशाल रंग सोडा, तो पसरेल. चमक पूर्ण गेली असेल आणि कागद उलट्या बोटांना गार लागत नसेल, तर वरून नवा हात चढवा. या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत, चमक मंदावलेली पण कागद गार, ब्रश खाली ठेवा. सॉस ढवळून यायची हीच वेळ.

पांढरी जागा कशी राखायची?

रंग न लावून. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. अगदी बारीक ठिपके हवे असतील तर मास्किंग फ्लुइड, म्हणजे वाळून रंगाला अडवणारं रबरासारखं द्रव, आधी लावा आणि रंग पूर्ण वाळल्यावर बोटाने चोळून काढा. लावायला जुना ब्रश वापरा, चांगला ब्रश त्यात कायमचा चिकटून बसतो.

कार्डांवर हाताने रंग भरायची पद्धत नवी आहे का?

नाही, छापील शुभेच्छापत्राइतकीच जुनी आहे. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं. विक्रीला आलेलं ते पहिलं नाताळ कार्ड मानतात. त्याच्या रेघा शिळाछापाच्या होत्या आणि रंग हाताने भरलेले. आपणही रेघ छापतो आणि रंग हाताने भरतो.

पास्त्यासाठी मैदा घ्यायचा की रवा?

अंडं घालणार असाल तर मैदा, नुसत्या पाण्यात मळणार असाल तर ड्युरम या कडक जातीच्या गव्हाचा बारीक रवा. इटलीतही ही दोन वेगळी घराणी आहेत. उत्तरेला, विशेषतः एमिलिया-रोमान्या भागात, मऊ गव्हाचं पीठ आणि अंडी. दक्षिणेला ड्युरमचा रवा आणि पाणी. इटालियन पाकिटांवर जे '००' लिहिलेलं असतं तो तिथला सगळ्यात पांढऱ्या, कोंडा जवळपास काढून टाकलेल्या पिठाचा दर्जा आहे. तेच मिळायला हवं असं नाही. साध्या मैद्याचा अंड्याचा पास्ता उत्तम होतो.

ड्युरमच्या जागी साधा जाड रवा घेऊ नका. त्याचे दाणे पाणी सावकाश पितात आणि गोळा फुटत राहतो. दोनदा दळलेला, हाताला पिठासारखा लागणारा ड्युरमचा रवा हवा.

प्रमाण काय?

एका माणसाला १०० ग्रॅम मैदा आणि एक अंडं. अंडी लहानमोठी असतात, म्हणून फोडून वजन केलेलं बरं : १०० ग्रॅम मैद्याला साधारण ५५ ग्रॅम अंडं. कमी पडलं तर चमचाभर पाणी किंवा थोडा पिवळा बलक. पिठात मीठ घालायची गरज नाही, ते उकळत्या पाण्यात पडणारच आहे.

अंडं न घालता पास्ता होतो?

होतो, आणि त्याला पर्याय म्हणून बघू नका. तो स्वतंत्र, जुना पास्ता आहे. १०० ग्रॅम ड्युरमच्या बारीक रव्याला ५० ग्रॅम कोमट पाणी. गोळा अंड्याच्या पिठापेक्षा घट्ट वाटतो, तसाच हवा. अर्धा तास मुरल्यावर बोटाएवढी वळकटी करून पेरभर तुकडे पाडा. प्रत्येक तुकडा अंगठ्याने दाबत स्वतःकडे ओढला की तो कडेने गुंडाळतो आणि मधे खोलगा पडतो. ही कावातेल्ली. त्या खोलग्यात सॉस बसतो. लाटणं नको, मशीन नको, मुलंसुद्धा भराभर करतात. शिजायला चार ते सहा मिनिटं लागतात. एक खाऊन बघूनच काढा.

पीठ पुरेसं मळलं गेलं हे कसं कळतं?

आठ-दहा मिनिटं, तळहाताच्या टाचेने पुढे ढकलत, घडी घालत, गोळा पाव फेरी फिरवत मळा. सुरुवातीला तो भेगाळलेला, हट्टी असतो. इथे पाणी घालायचा मोह आवरा, अजून दोन मिनिटांनी तोच गोळा ओलसर लागायला लागतो. बोट दाबून बघा. खळगा सावकाश वर आला तर झालं. सुरीने गोळा कापलात तर आत भोकं नसावीत, सगळीकडे एकसारखं तुकतुकीत दिसावं.

मग झाकून ठेवा, वाडगं उपडं घातलं तरी चालतं. मळताना पिठातल्या ग्लुटेनची जाळी ताणलेली असते. मुरताना ती सैलावते आणि पीठही ओलावा पुरता शोषून घेतं. मळल्या मळल्या लाटलेली पारी परत आक्रसते, अर्ध्या तासाने तेच पीठ मुकाट्याने पसरतं.

मशीन नसेल तर?

लांब लाटणं पुरे. गोळ्याचे भाग करा, एक लाटा, बाकीचे झाकून ठेवा. मधून बाहेर लाटत जा, पारी फिरवत राहा. उजेडात धरली की पलीकडच्या हाताची सावली दिसायला हवी. दहा मिनिटं पसरून ठेवा. हाताला कोरडी लागावी पण दुमडताना चिरू नये. मग रवा भुरभुरून सैल गुंडाळा, धारदार सुरीने पट्ट्या कापा आणि लगेच उकलून मोकळ्या करा. या लांब चपट्या पट्ट्या म्हणजे ताल्यातेल्ले, त्या साधारण ६ ते ७ मिमी रुंद कापा. बोलोन्या शहरात याचंही माप ठरलेलं आहे : १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवल्यानुसार शिजलेली पट्टी ८ मिमी रुंद असावी. आपल्या पट्ट्या थोड्या कमीजास्त झाल्या तरी चव बिघडत नाही.

पाण्यात तेल घालायचं ना?

नाही. तेल वर तरंगतं, चिकटणं थांबवत नाही. १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी, लिटरला सुमारे १० ग्रॅम मीठ, खळखळती उकळी आणि पहिलं मिनिटभर ढवळणं, एवढ्यावर पास्ता मोकळा राहतो. अंड्याचा ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो, त्यामुळे सगळे जेवायला बसल्यावरच सोडा.

सगळ्यांना आवडेल असा एक सॉस सांगा.

टोमॅटोचा. चार माणसांना किलोभर पिकलेले टोमॅटो किंवा ८०० ग्रॅम डबाबंद, चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, चार पाकळ्या लसूण, मीठ, बेसिलची पानं. लसणाचे काप थंड तेलात टाका आणि मग गॅस लावा, म्हणजे तेल लसणाचा स्वाद सावकाश घेतं. काप कडेला पिवळसर होताच टोमॅटो घाला. लालसर झाला की लसूण कडवटतो. मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. सॉस दाटला आणि कडेने तेल सुटलं की तयार. बेसिल गॅस बंद केल्यावर.

पास्ता उपसताना त्याचं पाणी ओतून टाकू नका. कपभर काढून ठेवा. पास्ता सॉसच्या पॅनमध्ये घालून त्यातलं थोडं पाणी टाका आणि मोठ्या आचेवर मिनिटभर हलवा. त्या पाण्यातला स्टार्च तेल आणि रस यांना एकजीव करतो. मग सॉस ताटलीत खाली साचत नाही, प्रत्येक पट्टीला धरून राहतो. चीज घालायचं तर पॅन खाली उतरवून. जास्त आचेवर त्याच्या गुठळ्या होतात.

पार्मिजानो चीज शाकाहारी असतं का?

नाही. पार्मिजानो रेज्जानो या नावाने विकल्या जाणाऱ्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, वापरणं बंधनकारक आहे. शाकाहारी पाहुणे असतील तर पाकिटावर वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेट लिहिलेलं दुसरं कडक चीज घ्या, आणि हे जेवायच्या आधी बघा.

उरलेला कच्चा पास्ता कसा ठेवू?

रवा भुरभुरून छोटी घरटी करा आणि ताटात सुटीसुटी ठेवून फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या. मग पिशवीत भरा. महिनाभर चांगला राहतो. शिजवताना वितळवू नका, थेट उकळत्या पाण्यात. फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच. अंड्याचा पास्ता दमट हवेत बाहेर वाळवत ठेवणं टाळा.

रंग आणि अन्न एकाच टेबलावर, यात धोका नाही ना?

नीट वेगळं ठेवलं तर नाही, पण इथे हयगय चालणार नाही. कॅडमियम आणि कोबाल्ट असलेले रंग पोटात जाता कामा नयेत. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर ती सोडा. रंगाच्या पाण्याला प्यायचे ग्लास वापरू नका. सारखेच दिसणारे दोन ग्लास टेबलावर असले की कधीतरी चुकीचा उचलला जातोच. त्यासाठी झाकणाच्या बरण्या राखून ठेवा. एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याला. रंगवणं संपल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं ओट्यावर आणू नका.

पास्त्याचं मशीन पॉलिमर क्ले (हस्तकलेची प्लास्टिकची माती) लाटायला वापरलं असेल तर ते पुन्हा खाण्याच्या पिठाला लावू नका. त्याचे रूळ आतून स्वच्छ होत नाहीत. हीट गन लहान मुलांच्या हाती देऊ नका. ती बंद केल्यावरही तिचं तोंड बराच वेळ तापलेलं असतं.

कागद वाकलाय. आता?

एका बाजूचे धागे पाणी पिऊन फुगले आणि दुसरी बाजू तशीच राहिली, म्हणून तो वाकतो. रंगवण्याआधी चारही कडा मास्किंग टेपने पाटीला चिकटवल्या तर हे बरंच टळतं. टेप कागद पूर्ण वाळल्यावर, कडेकडे तिरपी ओढत काढा. वाकलाच तर रंग वाळल्यावर मागच्या बाजूला हलका फवारा मारा, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा आणि वर जाड पुस्तकं ठेवा. एम्बॉसिंग केलेल्या कार्डावर वजन जरा कमी ठेवा.

कार्डं त्याच रात्री पाहुण्यांबरोबर देऊ का?

शक्यतो नको. वरून कोरडा वाटणारा कागद आतून ओलसर असतो. असं कार्ड पाकिटात घातलं की पुन्हा वाकतं, आणि पिगमेंट शाई अजून कच्ची असेल तर समोरच्या बाजूला उमटते. रात्रभर पुस्तकांखाली राहू द्या. सकाळी तुकडा कार्डशीटवर चिकटवा. दुहेरी टेप चारही कडांना आणि एक पट्टी मधे. आतला मजकूर घडीच्या साध्या कागदावर लिहायचा असल्यामुळे पेन कुठलंही चालेल. टपालाने पाठवणार असाल तर उठावाच्या रेघांवर पातळ कागदाचा एक तुकडा ठेवून मगच पाकीट बंद करा.